आधी धडा करा, मग माप सांगा

आमची आई सुटे तेल आणायला किराणा दुकानात जाई, तेव्हा आम्ही तिचे बोट धरून मागे असायचो. दुकानदार डबा तराजूत ठेवून तेल ओतायला लागला की आई त्याला थांबवी. "शेटजी, आधी डब्याचा धडा करा." मग तो तोंड वाकडे करून रिकामा डबा एका पारड्यात ठेवी, दुसऱ्या पारड्यात खडे टाकून दांडी सरळ करी, आणि त्यानंतरच तेल ओती. रिकाम्या डब्याचे वजन बाजूला काढल्याशिवाय तेलाचे वजन कळत नाही, हे शाळेची पायरी न चढलेल्या त्या माऊलीला पक्के ठाऊक होते. पुढे आम्ही बी.कॉम. केले, कारकुनीला लागलो, एकूण वजन आणि निव्वळ वजन असे दोन रकाने रोज भरू लागलो. पण त्या रकान्यांचा अर्थ आम्ही त्या दुकानाच्या पायरीवर आधीच शिकलो होतो.

ही आठवण निघण्याचे कारण असे. विहारात रविवारी बुद्धवंदना झाल्यावर आम्ही मुलांचा वर्ग घेतो. त्या वर्गात नववीतल्या एका मुलीने विचारले, "काका, टीव्हीवर सांगतात की उत्तर ध्रुवावरचा समुद्राचा बर्फ पातळ होत चालला आहे. हे त्यांना कसे कळले? तिथे जाऊन कोणी पट्टी लावली का?"

प्रश्न फार चांगला होता. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. केवळ ऐकिवात आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा. टीव्हीवाल्याने सांगितले म्हणूनही मानायचे नाही. तेव्हा पट्टी कोणी लावली, कशी लावली, आणि त्या मापाचा धडा कोणी केला, याचा शोध आम्ही घेतला. त्यातून जे कळले ते आपल्या कुटुंबातल्या सर्वांपुढे ठेवतो.

समुद्राचा बर्फ म्हणजे काय?

उत्तर ध्रुवावर जमीन नाही, समुद्र आहे. समुद्राचे पाणी खारट असल्याने शून्य अंशाला गोठत नाही. साधारण उणे १.८ अंशाला ते गोठू लागते आणि पाण्यावर बर्फाची पाठ धरते. एका हिवाळ्यात तयार झालेला बर्फ दीड-दोन मीटर जाड होतो. उन्हाळ्यात न वितळता जो टिकतो आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा वाढतो, तो जुना बर्फ तीन-चार मीटरपर्यंत जातो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा तरंगता बर्फ वितळला म्हणून समुद्राची पातळी वाढत नाही म्हटले तरी चालेल. घरी करून बघा. पेल्यात पाणी घ्या, त्यात बर्फाचे खडे टाका, पाण्याच्या काठाशी पेनने खूण करा. खडे विरघळल्यावर पाणी त्याच खुणेवर राहील. समुद्र वाढतो तो ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील जमिनीवरचा बर्फ वितळून पाण्यात आला म्हणजे, आणि समुद्राचे पाणी तापून फुगते म्हणून.

मग तरंगत्या बर्फाची काळजी कशाला? उन्हाळ्यात आपल्या वस्तीत पत्र्यावर चुना मारतात, तो कशासाठी? पांढरा रंग ऊन परत फेकतो, घर थोडे थंड राहते. समुद्रावरचा हिमाने झाकलेला बर्फ म्हणजे पृथ्वीच्या पत्र्यावरचा चुना. अंगावर पडलेल्या उन्हातले १०० पैकी ८० भाग किंवा त्याहून अधिक तो परत पाठवतो. तो गेला की खाली काळपट पाणी उघडे पडते, आणि ते १०० पैकी ९० हून अधिक भाग गिळून टाकते. पाणी तापते, आणखी बर्फ वितळतो, आणखी पाणी उघडे पडते. बर्फ कमी होणे हे त्या भागाच्या तापण्याचे एक मोठे कारण आहे. १९७९ नंतर उत्तर ध्रुवाचा प्रदेश साऱ्या पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

लांबी-रुंदी दिसते, जाडी दिसत नाही

बर्फ किती भागावर पसरला आहे, हे उपग्रहांमुळे १९७९ पासून सलग माहीत आहे. सप्टेंबर महिन्यात हा बर्फ सर्वांत कमी असतो. १९८१ ते २०१० या काळात ही नीचांकी सरासरी सुमारे ६२ लाख चौरस किलोमीटर होती. सप्टेंबर २०१२ मध्ये ती सुमारे ३४ लाखांवर आली. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर धरले, तर सरासरीपेक्षा नऊ महाराष्ट्रांएवढा बर्फ त्या वर्षी कमी होता. हा नीचांक अजून मोडलेला नाही.

पण परातीभर दिसणारी भाकरी जाड आहे की पातळ, हे वरून बघून सांगता येत नाही. पातळ भाकरी पोट भरत नाही. बर्फाचेही तसेच आहे. विस्तार तेवढाच दिसला तरी जाडी निम्मी झाली असेल तर बर्फ निम्माच उरला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो लवकर फुटणार.

जाडीचे पहिले मोठे माप पाणबुड्यांनी दिले. १९५८ पासून अमेरिकेच्या अणुपाणबुड्या या बर्फाखालून फिरत होत्या. आवाज वर सोडून आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून, बर्फ पाण्यात किती खोल गेला आहे हे त्या मोजत. कारण लढाईचे होते, म्हणून आकडे लष्कराच्या कपाटात बंद राहिले. त्यातले काही पुढे शास्त्रज्ञांना मिळाले. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पाण्याखालची सरासरी खोली १९५८ ते १९७६ च्या काळात ३.१ मीटर होती, ती १९९० च्या दशकात १.८ मीटर झाली. म्हणजे माप होते, पण ज्यांना गरज होती त्यांच्यापर्यंत ते पोचायला कित्येक वर्षे गेली.

एकूण आणि निव्वळ

पाणबुडी खालून मोजते. वरून मोजायचे तर कसे?

पेल्यातला खडा पुन्हा बघा. त्याचा थोडासाच भाग वर दिसतो, बाकीचा पाण्यात असतो. समुद्राच्या १ घनमीटर पाण्याचे वजन १०२४ किलो आणि बर्फाचे ९१५ किलो धरू. फरक १०९ किलो. १०२४ ला १०९ ने भागले की सुमारे ९.४ येतात. म्हणजे बर्फ पाण्यावर १ सेंटीमीटर दिसला तर त्याची एकूण जाडी ९.४ सेंटीमीटर समजावी. वर ५० सेंटीमीटर दिसला तर ४७० सेंटीमीटर.

हिशेब सोपा वाटतो. पण येथेच डब्याचे वजन तेलात धरले जाते. कारण वर जे ५० सेंटीमीटर दिसते ते सगळे बर्फ नसते. बर्फावर आकाशातून पडलेले हिम साचलेले असते. बर्फ म्हणजे गोठलेला घट्ट थर आणि हिम म्हणजे त्यावरचे भुसभुशीत पांढरे आवरण, असा फरक या लेखात लक्षात ठेवावा. हिम हलके असते, १ घनमीटरला सुमारे ३२० किलो. ते बर्फावर बसते, बर्फाला थोडे खाली दाबते आणि वरून बघणाऱ्याला फसवते. म्हणून हिमाच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे साडेसहा सेंटीमीटर वजा करावे लागतात. (१०२४ मधून ३२० वजा केले की ७०४. त्याला १०९ ने भागले की सुमारे साडेसहा.)

आता समजा, त्या ५० सेंटीमीटरांत ३० सेंटीमीटर हिम आहे. वहीत मांडू:

एकूण : ५० × ९.४ = ४७० सेंटीमीटर
वजा हिमापोटी : ३० × ६.५ = १९५ सेंटीमीटर
निव्वळ बर्फ : २७५ सेंटीमीटर

धडा न करता सांगितले असते तर पावणेतीन मीटर बर्फाचे पावणेपाच मीटर झाले असते. आणि धडा चुकीचा केला तर? हिम ३० ऐवजी २० सेंटीमीटर धरले तर उत्तर येते ३४० सेंटीमीटर. वीतभरही नसलेल्या दहा सेंटीमीटरच्या चुकीने ६५ सेंटीमीटर बर्फ कागदावर वाढला! हिशेबनीस म्हणून सांगतो, इतक्या लहान नोंदीवर इतकी मोठी शिल्लक फिरणारा हिशेब आम्ही क्वचितच पाहिला असेल. म्हणून बर्फाच्या जाडीचा सारा प्रश्न शेवटी हिमाच्या जाडीशी येऊन थांबतो.

हिमाच्या आत बघणारा डोळा

अमेरिकेच्या नासा या संस्थेने बर्फ मोजणारा एक उपग्रह २००३ साली सोडला होता. त्याचे लेसर यंत्र २००९ मध्ये बंद पडले. नवा उपग्रह सप्टेंबर २०१८ मध्ये गेला. मधल्या काळात वही कोरी राहू नये म्हणून नासाने विमाने पाठवली. या मोहिमेचे नाव 'ऑपरेशन आइसब्रिज', म्हणजे दोन उपग्रहांमधला पूल. २००९ ते २०१९ अशी ती चालली. उत्तरेकडे ही उड्डाणे मुख्यतः मार्च ते मे या काळात होत, कारण तेव्हा बर्फ सर्वांत जाड असतो आणि हिम कोरडे असते.

चार पंख्यांच्या इंजिनांचे पी-३ जातीचे विमान ग्रीनलंडमधील थुले तळावरून किंवा अलास्कातील फेअरबँक्स येथून उडे. समुद्रावर ते सुमारे ४५० मीटर उंचीवर येई आणि सात-आठ तास सरळ रेषेत फिरे. त्यात बसवलेल्या यंत्रांचे काम वाटून दिलेले होते.

लेसर यंत्र प्रकाशाचे ठोके खाली पाठवी. ते हिमाच्या माथ्यावरून परत येत. त्यावरून माथ्याची उंची कळे. बर्फाला भेगा पडलेल्या असतात, तिथे उघडे पाणी दिसते. त्या भेगेवरून समुद्राची पातळी कळे. माथ्यातून पातळी वजा केली की 'वर किती दिसते' हा आकडा मिळे. कॅमेरा फोटो काढत जाई, म्हणजे भेग खरोखर भेग आहे की नाही हे पुढे तपासता येई.

धडा करण्याचे काम रडारकडे. रडार म्हणजे रेडिओलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारे यंत्र. कोरड्या हिमातून या लहरी आत शिरतात. थोडी लहर हिमाच्या माथ्यावरून परत येते, उरलेली हिम भेदून खाली जाते आणि खालच्या घट्ट बर्फावर आपटून परत येते. असे दोन प्रतिध्वनी. दोहोंमध्ये जेवढे अंतर, तेवढे हिम.

पण हे अंतर किती वेळाचे? ३० सेंटीमीटर हिमातून जाऊन यायला लहरीला साधारण अडीच नॅनोसेकंद लागतात. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोसेकंद. इतका वेळ घड्याळ लावून थेट मोजणे अवघड. म्हणून युक्ती केली. हार्मोनियमवर कोणी सा पासून वरच्या सा पर्यंत सुटे न थांबता सूर चढवत नेत आहे आणि समोरच्या डोंगरावरून प्रतिध्वनी येत आहे असे समजा. प्रतिध्वनी मागे राहिलेला असल्याने त्याचा सूर नेहमी थोडा खालचा ऐकू येईल. डोंगर जितका लांब, तितका दोन सुरांतला फरक मोठा. रडार असाच चढता सूर रेडिओलहरींचा सोडते, २ ते ८ गिगाहर्ट्झपर्यंत, आणि गेलेल्या व आलेल्या सुरांतला फरक मोजते. वेळ मोजण्याऐवजी सुरांचा फरक मोजला. त्यामुळे सुमारे ५ सेंटीमीटरपर्यंतचा थरसुद्धा वेगळा ओळखता येतो, आणि तोही ताशी चारशे किलोमीटरहून अधिक वेगाने उडणाऱ्या विमानातून!

हे हिम-रडार अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या केंद्रात तयार झाले. २००५ साली स्थापन झालेल्या त्या केंद्राचे पहिले संचालक शिवप्रसाद गोगिनेनी हे भारतात अभियांत्रिकी शिकून पुढे कॅन्ससमध्ये गेलेले शास्त्रज्ञ. आपल्या मुला-मुलींना हे मुद्दाम सांगावे. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंग करणाऱ्या मुलालासुद्धा ही विद्या परकी नाही. लहर, प्रतिध्वनी आणि सूर हेच तिचे मूळ आहे.

आणि काठीही लावली

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथे येते. विमानाने सांगितले तेही शास्त्रज्ञांनी तसेच मानले नाही. विमान ज्या रेषेवरून गेले, तिथे काही ठिकाणी माणसे बर्फावर उतरली. हातात काठी. काठीवर एक सरकती चकती. काठी बर्फाला टेकेपर्यंत हिमात खुपसायची, चकती हिमाच्या माथ्यावर राहते. दोहोंमधले अंतर यंत्र टिपून घेते. मग दोन पावले पुढे, पुन्हा काठी. असे शेकडो, हजारो वेळा. वरचे रडार आणि खालची काठी यांचा मेळ बसतो की नाही, हे असे पाहिले.

सपाट बर्फावर मेळ चांगला बसला. जिथे बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून उंचवटे झाले आहेत, तिथे प्रतिध्वनी विस्कटतात आणि माप डळमळते. हिम ओले झाले तर लहर आत जातच नाही, म्हणून उन्हाळ्यात हे रडार उपयोगाचे नाही. नव्या बर्फातला खारटपणा वर हिमात चढला तरी लहर फसते. या उणिवा शास्त्रज्ञांनी स्वतःच लिहून ठेवल्या आहेत, आणि मोहिमेचे आकडे कोणालाही फुकट बघता येतील असे खुले ठेवले आहेत. पाणबुड्यांच्या कपाटात बंद आकड्यांशी याची तुलना करावी. ज्या संस्थेचा हिशेब सभासदांना दाखवला जातो, तिच्यावरच विश्वास बसतो. आपल्या मंडळांना आणि विहार समित्यांनाही हा नियम लागू आहे.

काय सापडले?

सोव्हिएत रशियाच्या शास्त्रज्ञांनी वाहत्या बर्फावर तळ ठोकून १९५४ ते १९९१ या काळात हिमाची खोली मोजली होती. मोठ्या कष्टाची मोजणी होती ती. पुढे अनेक वर्षे हिमाचा धडा करताना त्यांचेच सरासरी आकडे वापरत. डबा जुना, वजन जुने, तेच धरून चालायचे.

२०१४ साली मेलिंडा वेबस्टर या तरुण संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी विमानातील रडारचे २००९ ते २०१३ चे आकडे या जुन्या नोंदींशेजारी ठेवले. आर्क्टिकच्या पश्चिम भागात वसंत ऋतूतले हिम सरासरी ३५ सेंटीमीटरवरून २२ सेंटीमीटरवर आले होते. अलास्काच्या उत्तरेकडील ब्यूफोर्ट आणि चुकची समुद्रांत तर ३३ वरून सुमारे १५ वर. कारण त्यांनी असे दिले की बर्फ आता उशिरा धरतो. शरद ऋतूत जे हिम पडते ते साचायला बर्फच नसतो, ते सरळ पाण्यात जाते.

डबाच हलका झाला होता. जुना धडा धरून मोजले असते तर बर्फाचा आकडा चुकलाच असता. रडारने नुसता हिशेब भरला नाही, हिशेबाची रीतच दुरुस्त केली.

ज्यांच्या पायाखाली तो बर्फ आहे

येथपर्यंत विमानाची आणि विद्यापीठाची गोष्ट झाली. पण त्या बर्फावर माणसेही राहतात. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांना 'एस्किमो' म्हणत. ते नाव त्यांना दुसऱ्यांनी ठेवलेले. कॅनडा आणि ग्रीनलंडमधील हे लोक स्वतःला इनुइट म्हणवतात. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ माणसे. दुसऱ्याने ठेवलेले नाव टाकून स्वतःचे नाव घेणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला समजावून सांगायची गरज नाही.

या लोकांचा रस्ता, शिकारीची जागा आणि शेजारच्या गावाला जायची वाट म्हणजे तो समुद्राचा बर्फ. त्यांचे जाणते लोक भाल्याचे टोक बर्फावर आपटून तो पेलेल की नाही हे ठरवत आले आहेत. पण ऋतूच बदलले तर पिढ्यांचा अनुभवही कमी पडतो. २००९-१० च्या हिवाळ्यात कॅनडातील लाब्राडोरच्या किनाऱ्यावर थंडी फारच कमी पडली. तिथल्या नुनात्सियावुत या इनुइट प्रदेशात नंतर चौकशी झाली तेव्हा साधारण बारातला एक माणूस बर्फ फुटून पाण्यात पडला होता. ध्रुवाजवळच्या पाण्यात पडणे म्हणजे काही मिनिटांचा खेळ.

त्यातून 'स्मार्टआइस' ही संस्था उभी राहिली. विमान दूरवरचे माप देते, पण आज आमच्या गावासमोरचा बर्फ केवढा, हे कोण सांगणार? म्हणून बर्फावर चालणाऱ्या गाडीमागे एक घसरगाडी जोडली आणि तिच्यात जाडी मोजणारे यंत्र बसवले. ते रडार नव्हे, विद्युतचुंबकी यंत्र आहे. ते चालवतात तिथलेच लोक. नेन या गावी इनुइट तरुणांना शिकवून काही उपकरणे तिथेच जोडली जातात. कुठे मोजायचे हे जाणते वडीलधारे सांगतात. ज्याच्या जिवाचा प्रश्न, त्याच्याच हातात माप. २०१७ साली या कामाचा संयुक्त राष्ट्रसंघानेही गौरव केला.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या थुले तळावरून ही विमाने उडत, तो अमेरिकेचा लष्करी तळ. १९५३ साली तळाच्या विस्तारासाठी तिथल्या इनुइट कुटुंबांना घरे सोडून शंभर किलोमीटरहून दूर उत्तरेला, कानाक येथे जायला लावले. थोड्या दिवसांच्या मुदतीत त्यांचे गाव आणि शिकारीची ठिकाणे गेली. लोक कोर्टात गेले. २००३ साली डेन्मार्कच्या सर्वोच्च न्यायालयाने हे विस्थापन बेकायदा होते असे मान्य करून भरपाईचा निर्णय कायम केला. पण परत जाण्याचा हक्क दिला नाही. २०२३ मध्ये तळाला पिटुफिक हे त्या जागेचे मूळ नाव मिळाले.

विमानाने केलेले काम मोलाचे आहे, यात शंका नाही. त्या आकड्यांचा उपयोग इनुइटांनाही होतो. पण कोणाच्या उठवलेल्या घरांवरून ते विमान उडाले, हेही त्याच वहीत लिहिले पाहिजे. धरणासाठी, कारखान्यासाठी, रस्त्यासाठी आपल्या लोकांच्या वस्त्या उठल्या, तेव्हा फायद्याचा आकडा मोठ्या अक्षरात छापला गेला आणि वजा बाजू कोणी लिहिली नाही. वजा बाजू लिहिणे ही तक्रार नव्हे, तो पूर्ण हिशेब होय.

आपल्याला काय त्याचे?

कोणी म्हणेल, कुठे तो ध्रुव आणि कुठे आमची चाळ! पण हवेला सरहद्द नसते. गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे, ते ही संस्था चालवते. तिच्या संशोधकांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रातला उन्हाळ्यातला बर्फ आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये पडणारा अतिमुसळधार पाऊस यांच्यात संबंध असू शकतो, असे त्यात मांडले आहे. 'असू शकतो' हे शब्द त्यांचेच, आणि ते महत्त्वाचे. पण सप्टेंबरच्या पावसाने काढणीला आलेले सोयाबीन कुजताना ज्यांनी पाहिले, त्यांना हा विषय परका वाटू नये. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून 'निसार' हा इस्रो आणि नासाचा रडार उपग्रह गेला. ढग असोत की अंधार, तो जमीन आणि बर्फाची हालचाल टिपतो. म्हणजे या विद्येत आपला देशही उभा आहे. त्यात आपल्या वस्तीतली मुले-मुली कधी दिसणार, हा आमच्या मनातला प्रश्न आहे.

परमपूज्य बाबासाहेब नुसत्या दुःखाच्या कहाण्या घेऊन सरकारपुढे गेले नाहीत. १९२८ साली सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाची आकडेवारी त्यांनी मांडली. सरासरीच्या पांढऱ्या आवरणाखाली आपल्या लोकांचा वाटा किती पातळ आहे, हे त्यांनी मोजून दाखवले. आजही शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा, वस्तीच्या पाण्याचा प्रश्न असो, वर दिसणारा आकडा कोणी आपल्यापुढे ठेवला तर विचारावे: यात हिम किती आणि बर्फ किती?

पुढच्या रविवारी वर्गात पेला, मीठ, बर्फाचे खडे आणि मोजपट्टी घेऊन मुलांकडून वरचा प्रयोग करून घ्यायचे आम्ही ठरवले आहे. खड्यावर कापसाचा थर ठेवून 'आता खरा बर्फ किती?' असेही विचारणार आहोत. माता-भगिनींनी घरी करून पाहावा, खर्च काहीच नाही. आणि ज्या मुलीने प्रश्न विचारला तिला आम्ही उत्तर दिले, "होय बाळ, पट्टी लावली. विमानातून लावली, बर्फावर उतरून काठीनेही लावली, आणि दोन्ही ताडून पाहिली." त्यावर तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला, "काका, मग ते विमान आता कोण उडवते?" ती मोहीम २०१९ मध्ये संपली, आता ते काम मुख्यतः उपग्रह करतात, असे सांगितल्यावर ती म्हणाली, "पण उपग्रहाची काठी कोण लावणार?"

या प्रश्नावर शास्त्रज्ञ आजही काम करत आहेत. मुलीच्या आईने मात्र त्याच दिवशी आम्हाला विचारले, दहावीनंतर विज्ञान शाखेला फी किती पडते. त्या फीचा हिशेब आम्ही बसून केला. शिष्यवृत्तीचे कागदही लिहून दिले.

जय भीम!